१ किलो दूध म्हणजे १ लिटर का? बासुंदी, खवा आणि घरच्या मापांचा हिशेब

अमळनेरच्या एक ताई घरून मिठाईच्या ऑर्डरी घेतात. त्यांनी विचारलंय, "साखरपुड्यासाठी ५ किलो बासुंदी द्यायची आहे. माझ्याकडच्या पाककृतीत दूध किलोत लिहिलंय आणि गवळी मापाने लिटरमध्ये देतो. किलो आणि लिटर एकच धरायचं का? खवा करायचा झाला तर लिटरमागे किती धरायचा? आणि केकच्या पाककृतीतला कप म्हणजे आपल्या घरातलं नेमकं काय?"

ताई, आधी सरळ उत्तर देते. १ लिटर दुधाचं वजन साधारण १ किलो ३० ग्रॅम भरतं. उलट बाजूने, १ किलो दूध म्हणजे ९७० मिली. लिटरचे किलो करायचे तर १.०३ ने गुणा, किलोचे लिटर करायचे तर १.०३ ने भागा. फरक शेकड्याला ३. चहाला, खिरीला, कणीक भिजवायला तो कुठेच जाणवत नाही, तिथे किलो आणि लिटर खुशाल एक धरा. अर्ध्या लिटरच्या पिशवीत ५१५ ग्रॅम दूध असतं, ४० लिटरच्या कॅनमध्ये ४१ किलो २०० ग्रॅम. कॅनने दूध घेणाऱ्याला हा सव्वा किलो दिसतो, पिशवीवाल्याला दिसत नाही.

मी बरीच वर्षं दूध संकलन केंद्रावर तपासणीचं काम केलं आणि आता जळगाव-धुळे भागातल्या बचत गटांच्या बायकांना दुधाचे पदार्थ शिकवते. माझा अनुभव असा की या ३ टक्क्यांपायी कुणाची बासुंदी बिघडत नाही. हिशेब चुकतो तो दुसरीकडे. दुधात घट्ट माल किती आहे, म्हणजे पाणी उडाल्यावर हातात काय उरणार, हे ना लिटर सांगतं ना किलो. ऑर्डर घेणाऱ्या बाईचा नफा-तोटा त्यावरच ठरतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

दूध पाण्यापेक्षा जड का? दुधात स्निग्धांश म्हणजे फॅट असतं, ते पाण्यापेक्षा हलकं. बाकीचे घन पदार्थ, म्हणजे प्रथिनं, दुधातली साखर आणि क्षार, ते पाण्यापेक्षा बरेच जड. डेअरीत त्यांना एसएनएफ म्हणतात. एक वर ओढतं, दुसरं खाली, आणि दोघांच्या ओढाताणीत दूध पाण्याहून थोडंसंच जड राहतं. आता गंमत बघा. फुल क्रीम दुधात फॅट ६ टक्के आणि एसएनएफ ९ टक्के असावं लागतं. टोण्ड दुधात फॅट ३ आणि एसएनएफ साडेआठ टक्के. दोन्हींचं लिटरचं वजन काढलं तर जवळपास सारखंच येतं, १ किलो ३० ग्रॅम. म्हणजे काट्यावर ठेवलं तर कुठलं दूध दाट आणि कुठलं पातळ हे कळणारच नाही. पण आतला माल? फुल क्रीमच्या लिटरमध्ये साधारण १५५ ग्रॅम, टोण्डच्या लिटरमध्ये साधारण ११८ ग्रॅम. वजन तेच, माप तेच, आणि माल जवळजवळ पाव हिस्सा कमी. साय पूर्ण काढलेलं दूध तर उलट जड भरतं, लिटरला १ किलो ३५ ग्रॅम, कारण हलकं फॅटच निघून गेलेलं असतं.

याच कारणाने नुसत्या लॅक्टोमीटरवर, म्हणजे दुधाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या नळीवर, भरवसा ठेवू नका. लॅक्टोमीटरवर ३० आकडा आला म्हणजे दुधाची घनता १.०३०, इतकाच त्याचा अर्थ. चांगल्या दुधात दहा टक्के पाणी घातलं की आकडा तीनेक अंशांनी उतरतो. पण कुणी आधी साय काढली तर आकडा वर चढतो, मग वर पाणी घातलं की परत जागेवर येतो. आकडा चोख आणि दूध दोन्हीकडून मारलेलं. म्हणून केंद्रावर फॅट वेगळं तपासतात. शिवाय लॅक्टोमीटर ठरावीक तापमानासाठी बनवलेला असतो, ते त्याच्यावर लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारचं दूध इतकं कोमट असतं की चोख दुधाचाही आकडा कमी दिसतो आणि गवळ्यावर उगाच आळ येतो.

खव्याचं उत्तर इथूनच निघतं. भट्टीवरून उतरवलेल्या मऊ खव्यात साधारण ३० टक्के पाणी असतं, उरलेला ७० टक्के घट्ट माल. फुल क्रीमच्या लिटरमध्ये १५५ ग्रॅम माल, त्याला ०.७ ने भागलं की २२० ग्रॅम खवा. कढईला आणि उलथन्याला चिकटलेलं वजा जाता २०० ते २१० धरा. टोण्डचा याच रीतीने १७० च्या आत येतो. गाईच्या दुधाचा साधारण १८० ग्रॅमपर्यंत, आणि तो मऊ, चिकट, पिवळसर होतो. पेढ्याला म्हशीचाच बरा.

पण ताई, गवळ्याचं दूध पिशवीसारखं एकसारखं नसतं. म्हैस किती दिवसांची व्यालेली आहे, सरकी पेंड चालू आहे की नुसता कडबा, दूध सकाळचं की संध्याकाळचं, यावर फॅट खालीवर होतं. दोन धारांमध्ये कमी तास गेलेले असले की फॅट बहुधा जास्त लागतं, म्हणून संध्याकाळचं दूध दाट वाटतं. तेव्हा मोठी ऑर्डर घेण्याआधी नमुना काढा. लहान कढई काट्यावर ठेवून काटा शून्य करा, त्यात बरोबर ५०० ग्रॅम दूध घ्या आणि त्याचा खवा आटवा. गोळा कढईच्या कडा सोडायला लागला की उतरवून कढईसकट परत तोला. समजा १०५ ग्रॅम आला. म्हणजे त्या दुधाचा किलोला २१० ग्रॅम आणि लिटरला २१६. अर्ध्या तासाच्या या कामात जे कळतं ते गवळी, दुकानदार आणि लॅक्टोमीटर मिळून सांगू शकत नाहीत. आकडा वहीत तारीख घालून लिहून ठेवा, उन्हाळा आणि हिवाळा यांतला फरक तुमचा तुम्हालाच दिसेल.

आता तुमची ५ किलो बासुंदी. मी दूध निम्म्यावर आटवते आणि साखर मूळ दुधाच्या वजनाच्या सहा टक्के घालते. तुम्ही ९ लिटर फुल क्रीम किंवा तितकंच दाट म्हशीचं दूध घ्या. वजन ९ किलो २७० ग्रॅम. निम्म्यावर आलं की ४ किलो ६३५. त्यात साखर ५५० ग्रॅम. एकूण ५ किलो १८५ ग्रॅम. पातेल्याला लागलेलं आणि चवीला गेलेलं सोडून पाच किलो नीट भरेल. चारोळी-बदाम वेगळे. टोण्ड दूध घेतलंत तर निम्म्यावर आणूनही ती पातळ लागेल, आणि दाट करायला आणखी आटवावं लागेल. मग ९ लिटरमध्ये पाच किलो होणार नाही, साडेअकरा-बारा लिटर लागेल. पिशवीमागे वाचवलेले पैसे गॅसमध्ये आणि जास्तीच्या दुधात जातात.

निम्म्यावर आलं हे ओळखायचं कसं? सगळ्यात खात्रीचं म्हणजे वजन. रिकाम्या पातेल्याचं उलथन्यासकट वजन करून ते पातेल्याच्या बुडावर मार्करने लिहा. घरगुती पाच-दहा किलोच्या कामाला ३० किलोचा साधा काटा पुरतो. त्यावर लाकडी पाट ठेवून काटा शून्य करा, म्हणजे गरम बुडाने काटा खराब होणार नाही. पातेलं दोघींनी मिळून, दोन्ही कान जाड फडक्याने धरून उचला. उकळतं दूध एकटीने उचलू नका, एवढं माझं ऐकाच.

मोठ्या पातेल्याला आपले आचारी काठी वापरतात. थंड दूध निम्मं ओतायचं, काठी उभी धरून ओलीची खूण करायची, मग बाकीचं ओतून आटवायला घ्यायचं. ही खूण किती खरी? मी ती हिशेबाने पडताळून पाहिली आहे. ९ लिटर दूध वजनाने निम्मं झालं की थंड असताना ते साडेचार लिटर भरत नाही, ४ लिटर ३५० मिलीच्या आसपास भरतं, कारण आटलेलं दूध जास्त घट्ट आणि म्हणून जड असतं, लिटरला साधारण १ किलो ६३ ग्रॅम. पण आटवताना ते थंड नसतं. उकळीजवळ दूध साडेतीन टक्क्यांच्या आसपास फुगतं. ४ लिटर ३५० मिलीचं फुगून साडेचारच होतं. घट्टपणाने जेवढं खाली गेलं तेवढं उष्णतेने वर आलं. म्हणून काठीची खूण गरमागरम बासुंदीला अगदी बरोबर लागते. फक्त आच मंद करून उकळी बसू द्या आणि मग काठी घाला, नाहीतर फेसाची उंची मोजाल. आणि साखर घालण्याआधी थंड झालेल्या बासुंदीत काठी घालून "जास्तच आटली की" म्हणत वरून दूध ओतू नका. ती बरोबरच असते.

याहून महत्त्वाची गोष्ट डब्यांची, आणि यात आपल्या बायकांचं नुकसान होताना मी सतत बघते. बासुंदी किलोच्या भावाने ठरवतात आणि देतात अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या डब्यात, काठोकाठ भरून. साखर घातलेली बासुंदी लिटरला साधारण १ किलो १०० ग्रॅम भरते. म्हणजे अर्ध्या लिटरच्या डब्यात ५५० ग्रॅम गेली. दर डब्याला ५० ग्रॅम, दहा डब्यांना अर्धा किलो, मेहनतीसकट फुकट. तुमच्या पाच किलोचे डबे केलेत तर अर्ध्या लिटरचे नऊ डबे होतील, दहा नाही. डबा काट्यावर ठेवून ५०० ग्रॅमलाच थांबा, किंवा भाव लिटरचा लावा. काहीही करा, पण ठरवणं एकात आणि देणं दुसऱ्यात असं नको.

हाच प्रश्न दूध घालणाऱ्यांचाही असतो. पुष्कळ संकलन केंद्रांवर दूध काट्यावर किलोत मोजतात आणि पैसे लिटरचे देतात. १०० किलो दुधाचे ९७ लिटर होतात, ही कपात नाही, बरोबर हिशेब आहे. पावतीवर किलोला कितीने भागलंय ते बघा. १.०३ च्या जवळपासचा आकडा असेल तर ठीक. जास्त असेल तर विचारा.

गवळ्याच्या मापाबद्दलही दोन शब्द. लांब दांड्याचं माप असतं त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का हवा. बूड आत चेपलेलं असेल तर तेवढं दूध कमी मिळतं, आणि तपासायला भांडण करावं लागत नाही. आपल्या पातेल्यात एक माप घ्या आणि तोला. चोख लिटरचं दूध १ किलो ३० ग्रॅम भरायला हवं. मात्र नुकतीच धार काढलेलं फेसाळ दूध लगेच मोजू नका. फेस म्हणजे हवा, मापात तीच भरते. तासाभराने फेस बसला की खरं माप कळतं. वजनाला फेसाचा फरक पडत नाही.

उष्णतेचंही तसंच. १ लिटर थंड दूध उकळल्यावर १ लिटर ३० मिलीच्या वर जातं, वजन मात्र तेच, उलट थोडी वाफ गेल्याने कमीच. कोजागरीला मंडळासाठी २० लिटर मसाला दूध करताना गरम दूध पेल्यांनी मोजाल तर दोन-चार पेले जास्त निघाल्यासारखे वाटतात. पेल्यांचा हिशेब थंड दुधावर धरा. त्यात आटणं आलंच, ते वजा करा.

तिसरा प्रश्न कपाचा. केकच्या पाककृती कुठल्या देशातल्या आहेत त्यावर कप बदलतो. अमेरिकी कप २४० मिलीच्या जवळ, ऑस्ट्रेलियाचा २५०, जपानचा २००. आपल्याकडे मिळणारे मापाचे कप बहुतेक २४० मिलीचे. टेबलस्पून १५ मिली, टीस्पून ५ मिली (ऑस्ट्रेलियाचा टेबलस्पून मात्र २० मिलीचा). २४० मिली दूध म्हणजे २४७ ग्रॅम. केकला हे सात ग्रॅम किरकोळ आहेत, पण चहाच्या कपाने मोजलंत तर ते दीडशे मिलीवर थांबेल आणि पीठ कोरडं राहील. पाककृतीत औंस असेल तर आधी बघा, द्रवाचा की वजनाचा. दुधाला बहुधा द्रवाचा असतो, अमेरिकी हिशेबाने ८ औंस म्हणजे एक कप.

घरातल्या वाट्या, पेले, तांब्या यांचं माप एकदाच काढून ठेवा. वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्य करा, काठापर्यंत पाणी भरा. काट्यावर जितके ग्रॅम, तितके मिली. समजा १६० आले. मग त्या वाटीत दूध १६५ ग्रॅम बसेल. हेच पाण्याऐवजी पिठाने किंवा साखरेने करू नका, पिठाचं वजन ते चाळलंय की दाबून भरलंय त्यावर बदलतं.

दुधाच्या बाकी प्रकारांचं थोडक्यात सांगते. कंडेन्स्ड मिल्क सगळ्यात जड, लिटरला १ किलो ३०० ग्रॅमच्या आसपास. ४०० ग्रॅमचा डबा म्हणजे ३०० मिलीच्या जरा वर, तेव्हा पाककृतीत "एक कप" असेल तर ते ३१० ग्रॅम होतं, २४० नव्हे. इथे किलो-लिटर एक धरलं तर गोडी फसते. डब्यातलं फ्रेश क्रीम जवळजवळ पाण्याइतकंच, ग्रॅम आणि मिली एकच धरा. घरची साय मात्र कायम तोलूनच, तिच्यात हवा आणि दूध किती अडकलंय ते डोळ्यांना कळत नाही. दह्याला सोपं: विरजण लागताना वजन बदलत नाही, लिटरभर दुधाचं किलोला थोडं वरच दही होतं. खापरावरच्या पुरणपोळीवर सोडतो ते तूप पाण्याहून हलकं, लिटरच्या पाकिटात ९०५ ग्रॅमच्या आसपास असतं. किलोचा भाव आणि लिटरचा भाव यांत दहा टक्क्यांचा फरक पडतो, घेताना पाकिटावर काय छापलंय ते वाचा.

पावडरचं दूध करायचं तर फुल क्रीम पावडर १३० ग्रॅम आणि पाणी ९०० मिली. बेरीज १०३० ग्रॅम, म्हणजे बरोबर एक लिटर. पावडर कपाने कधीच मोजू नका. हलकी टाकली तर एक वजन, कप आपटला तर दुसरं.

राहिली जुनी मापं. पुष्कळ जणींकडे आजीची वही असते आणि तिच्यात "अडीच शेर दूध, पावशेर साखर" असं लिहिलेलं असतं. किलो-लिटर आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानंतर, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आले. ८० तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. त्याचं दूध ९०६ मिली भरतं. अडीच शेर म्हणजे २ किलो ३३० ग्रॅम, म्हणजे सव्वादोन लिटर. पावशेर साखर २३३ ग्रॅम. पण शेर गावोगावी वेगळा होता, आणि दूध-धान्य मापाच्या शेराने, साखर वजनाच्या शेराने असंही चालायचं. तेव्हा आधी प्रमाण बघा: साखर मूळ दुधाच्या दहा टक्क्यांच्या आसपास येतेय का? अडीच शेराला पावशेर म्हणजे बरोबर दहावा हिस्सा. आजच्या जिभेला ती बासुंदी गोड लागेल, सहा-सात टक्क्यांवर आणलीत तरी चालेल. पण प्रमाण पंचवीस-तीस टक्के निघालं तर त्या वहीतला दुधाचा शेर मोठा होता असं समजा आणि साखर तुमच्या अंदाजाने कमी करूनच पहिला घाणा लावा.